ओवीचा घसा

११ जानेवारी, शनिवार

ओवीने पट्टी उतरवली! दिवाळीपासून टीव्हीवरच्या स्पर्धेत काळी पाचच्या सुरात गाणारी मुलगी आज त्याखालच्या काळी चारमध्ये गायली. वाजवणाऱ्यांना माहीत असणारच. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. दाढीवाले परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या जाईबाई दर शनिवार-रविवार आमच्याकडे टीव्ही बघायला येतात, त्यांनी तर टीव्हीपुढेच कडाकडा बोटं मोडली — "चेडवाक दृष्ट लागतली गो!"

एक पट्टी उतरवली म्हणून आभाळ कोसळत नाही. सर्दी असेल. स्टुडिओत एसी, आणि पोरगी आचऱ्याची, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. सतरा वर्षांची.

पण सुरुवात करताना — आधी नुसती हवा आली, मग आवाज. क्षणभरच. सूर लागायच्या आधी फू झालं.

ते फू मला माहीत आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज ओवी नव्हती. पुण्याचा शंतनु गायला. नाट्यपद. सगळं जागच्या जागी. इस्त्री केलेल्या शर्टासारखं. दौलत, माझा नवरा, म्हणाला, "हा जिंकणार." मी म्हटलं, जिंकू दे. याचा आवाज ऐंशीव्या वर्षी पण असाच राहील, कारण हा कुठेच जीव टाकत नाही.

ओवी टाकते. तोच तर प्रश्न आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जाईबाईंची नवी सून तिळगूळ घेऊन आली. मी तिला म्हटलं, "गोड बोला." बिचारी दचकली! आतल्या खोलीत कोणी पुरुष बोलला असं तिला वाटलं.

छत्तीस वर्षं झाली. अजून दर संक्रांतीला कोणीतरी दचकतं. दौलत हसतो. मी पण हसते. हसायचा आवाज तर अजून वाईट.

१८ जानेवारी, शनिवार

ओवीने लावणी म्हटली. मी आवाज वाढवायला सांगितला, मग बंद करायला सांगितला, मग पुन्हा चालू करायला. दौलत वैतागला. "एकदा काय ता ठरव."

मधल्या पट्ट्यात तीन ठिकाणी आवाज दुहेरी झाला. एकाच वेळी दोन सूर, एक खरा आणि एक त्याच्या खाली खरवडल्यासारखा. वर गेली की ठीक, कारण वर ती जोर लावून ढकलते. ढकलल्यावर सगळंच वर जातं. दगडसुद्धा.

दाढीवाले म्हणाले, "आज तुझ्या आवाजात एक मधाळ खरखर आली आहे. ती जप."

जप म्हणे!

ओवी वाकून नमस्कार करत होती. माइक खाली केल्यावर तिने गळ्याला हात लावला. एकदाच. कॅमेरा लगेच तिच्या आईवर गेला. आई पहिल्या रांगेत बसली होती, हिरव्या साडीत, रडत. केवढी खूश!

२० जानेवारी, सोमवार

सकाळी वाहिनीच्या नंबरवर फोन केला. एक दाबा, तीन दाबा, शून्य दाबा. बारा मिनिटं त्यांचीच धून ऐकली. मग एक मुलगी आली.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"मी बाई आहे."

"सॉरी सर. सॉरी, मॅडम. बोला सर."

मी शक्य तेवढं हळू सांगितलं. ओवीच्या घशाला इजा झाली आहे, तिला गाऊ देऊ नका, आधी घशाच्या डॉक्टरला दुर्बिणीतून आत बघू द्या. चार वाक्यं. चौथ्या वाक्याला माझाच आवाज गेला.

"सर, मत द्यायचं असेल तर ते मार्चमध्ये, अंतिम फेरीच्या आधी आहे."

"मत नाही द्यायचं."

"आपली प्रतिक्रिया आम्ही पुढे पाठवतो, सर."

कुठे पाठवते? कुणाला? विचारेपर्यंत फोन ठेवला. दौलत पेपर वाचत होता. पेपराआडूनच म्हणाला, "झाला समाधान?"

२१ जानेवारी, मंगळवार

पुन्हा फोन केला. दुसरी मुलगी. तेच सर.

२४ जानेवारी, शुक्रवार

जाहिरात दाखवताहेत. ओवी पलंगावर, अंगावर ब्लँकेट, कपाळावर पट्टी. खालून सनईसारखं काहीतरी रडकं संगीत. डॉक्टर इंजेक्शन भरतोय — ती सुई पण हळूहळू दाखवली! मग ओवी स्टेजच्या पायऱ्या चढते. अक्षरं येतात — 'ताप एकशे दोन. तरीही ती गाणार.'

भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

एकोणनव्वदचे गणपती. मी तेवीस वर्षांची. आमचा ऑर्केस्ट्रा, दौलत ढोलकीवर, मी गायला. नऊ दिवसांत नऊ मंडळं. चौथ्या दिवशी घसा बसला. सगळ्यांचाच बसतो, म्हणाले. गरम पाणी, ज्येष्ठमध, काळी मिरी. सहाव्या दिवशी लालबागला स्टेजच्या मागे एका डॉक्टरने इंजेक्शन दिलं. काय जादू! तासाभरात आवाज मोकळा, नव्यासारखा. तीन दिवस अशी गायले, अशी गायले की लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. घसा बरा झाला नव्हता. त्याचं दुखणं फक्त मला कळेनासं झालं होतं.

नवव्या दिवशी भायखळ्याला, वरच्या सुरावर, काहीतरी निसटलं. दुखलंसुद्धा नाही. आवाज गेला. लाइट जातात तसा. पुढचं कडवं वाद्यांनीच वाजवलं आणि मी तोंड उघडं ठेवून उभी. स्वरतंतूत रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं. जो परत आला तो हा.

मग शाळेच्या ऑफिसात नोकरी. तिथे बोलावं लागत नाही. एकतीस वर्षं टाइप केलं.

२६ जानेवारी, रविवार

गायली. इंजेक्शन घेऊन गायली, आणि काय गायली! तीच जादू. तोच मोकळा आवाज. जाईबाई रडल्या, दौलत रडला. मी टीव्हीसमोर उभी राहून "थांब, थांब गो बाई" म्हणत होते. माझंच मला ऐकू येत नव्हतं.

एक गोष्ट लिहून ठेवते. परीक्षकांत ज्या बाई आहेत, शास्त्रीय गाणाऱ्या, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या कडव्यात ओवीचा आवाज एका ठिकाणी अडकला. केसाएवढा. बाईंनी डोळे उघडले. कपाळाला आठी पडली. शेजारच्या दाढीवाल्यांकडे बघितलं.

त्यांना कळलं. मी पाहिलं ना!

आता बोलतील म्हणून मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले. बाईंनी माइक घेतला. म्हणाल्या, "जिद्द म्हणजे काय, हे या मुलीकडून शिकावं."

आणि शंभरपैकी शंभर.

२९ जानेवारी, बुधवार

श्रेयाला डोंबिवलीहून बोलावून घेतलं. म्हटलं, तुझ्या मोबाइलवरून त्यांच्या पानावर लिही. तिची बँकेतली नोकरी, नऊ ते सात. थकून आली होती. तरी लिहिलं, माझं नाव घालून: 'मी प्रमिला घाडी, पूर्वी ऑर्केस्ट्रात गात असे. ओवीच्या आवाजात मला जे ऐकू येतं ते धोक्याचं आहे. कृपया तिला विश्रांती द्या, घसा तपासून घ्या.' किती साधं लिहिलं होतं!

तासाभरात दोनशे उत्तरं आली.

'काकू, तुम्ही गाऊन दाखवा.'
'स्वतः कुठे पोचलात?'
'बर्नॉल लावा.'
'गरिबाची मुलगी पुढे गेली की यांच्या पोटात दुखतं.'

श्रेया एकेक पुसत होती. मी म्हटलं, दाखव. म्हणाली, "नको ना आई." डोळे भरले होते तिचे. मग म्हणाली, "वाहिनीवाले वाचत पण नाहीत गं. नुसत्या आकड्यांसाठी ठेवतात. जितकी भांडणं तितकं त्यांना बरं."

जाताना दारात थांबली. "तुझं गाणं मी कधी ऐकलंच नाही, ना?"

नाही. तू झालीस त्याच्या तीन वर्षं आधी ते संपलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ओवी कोळीगीत. पट्टी आणखी खाली. चेहरा सुजल्यासारखा. दोन्हीकडच्या साथीच्या मुली तिच्याहून मोठ्याने गात होत्या. तिचा आवाज झाकायला ठरवूनच उभ्या केल्यात.

म्हणजे कोणीतरी ठरवतंय. म्हणजे तिथे माहीत आहे!

३ फेब्रुवारी, सोमवार

लालबागला गेले होते. ओवीच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे तिथे एका चाळीत, गावाहून येणाऱ्यांच्या पथाऱ्या अजून पडतात. खाली नाक्यावर ओवीचा एवढा मोठा फलक! 'आमची लेक, आमचा अभिमान.' फलकावर तिच्यापेक्षा मंडळाच्या लोकांचे फोटो जास्त.

सेक्रेटरी अभय म्हणून आहेत. चाळिशीचे असतील. चांगले वागले. खुर्ची दिली, चहा मागवला. मी ओवीच्या आईचा नंबर मागितला. का, ते सांगितलं.

ऐकत होते, तोपर्यंत चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"काकी, तुम्ही वडीलधाऱ्या. पण शुभ कार्यात असं बोलू नये."

"मी अशुभ नाही बोलत. डॉक्टरकडे न्या म्हणते."

"आहे त्यांचा डॉक्टर. टीव्हीवर दाखवला ना!" मग जरा आवाज खाली करून, "ओवीचे बाबा होडीवर होते. गेले दोन वर्षांपूर्वी. आई काजूच्या कारखान्यात जाते. पोरगी फायनलला गेली तर त्या घराचं काय होईल, कल्पना करा. आणि तुम्ही म्हणता थांबवा."

चहा प्यायले आणि उठले. त्यांनी जिन्यापर्यंत सोडलं. "सांभाळून हां काकी, पायरी तुटलीय."

घरी चालतच आले, पुलावरून. चूक कोणाची म्हणायची? त्यांचंही बरोबर आहे. आईचंही. सगळ्यांचंच बरोबर आहे आणि मुलीचा घसा फाटतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज अभंग. मंद्रातच, धिम्या लयीत, कुठेच ढकललं नाही. काय सुंदर! ते 'फू' नाही, ती खरवड नाही. खालचा षड्ज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे मिटून ऐकलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी नुसतं गाणं ऐकलं.

बरी झाली असेल का? आठवडाभर गप्प ठेवलं असेल का कोणी तिला?

दौलत म्हणाला, "बघितलंस? उगाच जीव काढतंस सगळ्यांचो."

चालेल. मी वेडी ठरले तर चालेल! देवा, मला खोटी पाड.

९ फेब्रुवारी, रविवार

पाडलं नाही.

आज जुगलबंदी. शंतनुबरोबर. तो वर नेतो आणि तिला मागे जावं लागतं. तारसप्तकात तिचा आवाज दोनदा फाटला. एडिट करून वर टाळ्यांचा आवाज घातला होता, पण ओठ दिसत होते ना.

मी ओरडले. टीव्हीवर, दाढीवाल्यावर, त्या बाईवर. जाईबाई घाबरून घरी गेल्या. दौलतने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "तू जळतंस तिच्यावर."

मी रिमोटकडे हात नेला.

"खरा सांगतंय. तिचा चांगला चाललाहा, ता तुका बघवत नाय."

चाळीस वर्षं या माणसाला ओळखते. स्टेजवर त्याची थाप पडली की मी डोळे झाकून सम गाठायचे.

१० फेब्रुवारी

बोललो नाही.

११ फेब्रुवारी

तेच. चहा केला, कप टेबलावर ठेवला. त्याने घेतला.

जळते का मी? खरं लिहायचं तर — हो. पहिल्या आठवड्यात जळले होते. काळी पाचमध्ये ती सहज गेली तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी केला होता. तिथे मी पण जायची. पण ते पहिल्या आठवड्यात. आता नाही. आता फक्त भीती वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ओवी बोलताना कुजबुजली. सूत्रसंचालक थट्टेने म्हणाला, "आज आमची कोकिळा लाजते आहे!" सगळे हसले. आई पण हसली, पण तिचा हात तोंडावर होता.

गाणं कसंबसं झालं. बाकीचा गोंधळ कोरसने भरून काढला.

गाणं संपल्यावर जाईबाई माझ्याकडे वळल्या. "प्रमिला, तू म्हणतंस ता खरा दिसता गो. माज्या मेल्या कानाक पण आता ऐकाक येता."

मग त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, तिथेच, टीव्हीसमोर — "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या गळ्याची इडापीडा टळो..." मी आणि दौलत, दोघंही नकळत "व्हय म्हाराजा" म्हणालो. सहा दिवसांनी एकत्र बोललेला पहिला शब्द.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाईबाईंनी नंबर मिळवला! त्यांची भाची आचऱ्यात दिली आहे, ओवीच्या आईबरोबर कारखान्यात कामाला. एवढं सोपं होतं आणि मी सेक्रेटरी करत बसले.

फोन केला. उचलला नाही. पुन्हा. नाही. बारा वेळा केला.

मग लिहून पाठवायचं ठरवलं. लिहिलं, पुसलं, लिहिलं. लिहिलेलं कोणी मानत नाही, हे दोनशे जणांनी शिकवलंय मला.

शेवटी मोबाइलवर आवाज भरला. छत्तीस वर्षांत मी माझा आवाज कुठल्या यंत्रात जाऊ दिला नाही. श्रेयाच्या लग्नाच्या व्हिडिओतही ओठ मिटून आहे. आज भरला. आत काय बोलले ते इथे उतरवते, म्हणजे मलाही आठवेल —

"ताई, मी लोअर परळहून प्रमिला घाडी बोलते. हा आवाज ऐका. मी पुरुष नाही, आजारी नाही. मी गात होते. तेवीस वर्षांची होते. घसा बसलेला असताना इंजेक्शन घेऊन गायले म्हणून हा असा झाला. तुमच्या ओवीला मी ऐकते आहे. तिला आजच्या आज गप्प करा. स्पर्धा जाऊ दे. मला काही नको तुमच्याकडून. फक्त एवढं ऐका."

पाठवला. दौलत दारात उभा राहून ऐकत होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निळ्या खुणा आल्या. सकाळी नऊ चाळीस. ऐकला त्यांनी!

उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आणि ओवी पुन्हा स्टेजवर. म्हणजे आईने ऐकलं आणि तरी उभी केली. तरी!

मी बघितलं नाही. गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण भिंत पातळ आहे आमची, आणि चाळीतल्या प्रत्येक खोलीत तीच गात होती. वरून, खालून, समोरच्या इमारतीतून. कान झाकले तरी आवाज येत होता. चिरलेला. लोक टाळ्या वाजवत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

दौलत आज बोलला.

मी तांदूळ निवडत होते. तो समोर येऊन पाटावर बसला. त्याचे गुडघे दुखतात, तो खाली बसत नाही कधी.

"त्या गणपतीत," म्हणाला, "सातव्या दिवशी माका कळला होता."

"काय?"

"तुझो आवाज. इंजेक्शन घेतल्यार पण आत खरवडत होतो. मी बाजूक बसलंय ढोलकी घेऊन, माझ्यापेक्षा जवळ कोण होता? माका ऐकू येत होता."

तांदळात माझी बोटं तशीच राहिली.

"मग बोलला का नाहीस?"

"दोन दिवस उरले होते. दोन मंडळांची सुपारी घेतलेली. ऑर्केस्ट्रातली पोरा सगळी तुझ्यावर अवलंबून. वाटला, दोन दिवस निघतील." त्याने गुडघा चोळला. "आणि तू अशी गात होतंस... तसा कधीच गायला नव्हतंस. माका थांबवावासा वाटला नाय."

छत्तीस वर्षं मी समजत होते की कोणालाच कळलं नव्हतं. हे मी उशाशी धरून ठेवलेलं समाधान होतं. कळलं असतं तर थांबवलं असतं कोणीतरी.

"परवा तुका जळतंस म्हणालंय," तो म्हणाला, "ता तुझ्यासाठी नव्हता. ती पोर गाता तेव्हा माका परत ऐकू येता. ता बंद व्हावा म्हणून बोललंय."

काय करायचं आता या माहितीचं? ओरडायला आवाज नाही. माणूस चौसष्ट वर्षांचा. गुडघे धरून बसलेला. मी उठून तांदूळ धुतले. त्याला हात धरून उठवावं लागलं.

माफ केलं असं नाही. उठवलं एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रागही नीट येत नाही. येतो आणि मग तो खोकतो, आणि मी पाणी देते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आईला पुन्हा फोन केला. बंद लागतो.

१ मार्च, शनिवार

आज मी बसले. ठरवून बसले, शेवटपर्यंत बघायचं म्हणून. तिच्यासाठी कोणीतरी नीट ऐकणारं पाहिजे. दौलत बाजूला, जाईबाई पलीकडे. कोणी काही खात नव्हतं.

ओवी जांभळ्या नऊवारीत. गळ्यात टपोरे मोती, बहुतेक मान झाकायला. हसली. छान हसते. पुढच्या दोन दातांत फट आहे.

पहिलं कडवं निघालं. दुसरं निघालं. तिसऱ्यात वर जायचं होतं. मी तिच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे उचलले की समजावं आता ढकलणार. उचलले.

सूर लागला. पूर्ण लागला. काळी पाचचा, जुना, स्वच्छ, पहिल्या आठवड्यातला! एक, दोन, तीन मात्रा तो तिथे राहिला, आणि मग नव्हता.

ती तोंड उघडं ठेवून उभी. मला तो चेहरा माहीत आहे. तो घाबरलेला नसतो. तो विचारत असतो, आत्ता इथे होता, गेला कुठे?

वाद्यांनी कडवं वाजवून घेतलं. प्रेक्षक उभे राहिले. त्यांना वाटलं, भावना अनावर झाल्या. दाढीवाले डोळे पुसत होते. पडद्यावर खाली पट्टी फिरत होती — 'ओवीला अंतिम फेरीत पाहायचंय? पुढच्या आठवड्यात मत द्या.'

दौलतने माझा हात धरला. मी धरू दिला.

२ मार्च, रविवार

दुपारी फोन वाजला. ओवीची आई. मी म्हटलं, "बोला." माझा आवाज ऐकला आणि रडायला लागली.

काल बघितलं ते आठ फेब्रुवारीचं शूटिंग होतं. सगळेच भाग तीन-तीन आठवडे आधीचे. त्या दिवसापासून ओवीच्या तोंडून शब्द नाही. ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. भाग दाखवेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, अशी सही घेतली होती. माझा निरोप पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी इथे थांब, थांब करत होते आणि ती नायगावात मावशीच्या खोलीत कागदावर लिहून पाणी मागत होती. इथून बसने जेमतेम वीस मिनिटं.

"काकी, तुमचो निरोप तिने धा वेळा ऐकल्यान. एक विचारता तुमका. लिवून दिल्यान हा, वाचतंय — 'गाणं गेल्यावर पहिलं वर्ष तुम्ही कसं काढलंत?'"

त्यांनी उद्या दहाला नायगावला बोलावलंय. जातेय.